लिबरेटर विमानाचं मॉडेल रंगवताय? ठिपके की पट्टे

बॉम्बर म्हटला की रंग दडण्यासाठी. पण 1944 साली इंग्लंडच्या नॉरफोक भागात काही जुने बी-24 लिबरेटर पोळ्याच्या बैलासारखे रंगवलेले होते, तेही लांबून दिसावेत म्हणूनच. तिथे अमेरिकन धावपट्ट्या एकमेकींना खेटून आणि वर कायम ढग. पहाटे शेकडो विमानं उडणार, त्यात आपला गट ओळखायचा कसा? म्हणून हा नटवलेला म्हातारा सगळ्यांआधी उडायचा, घिरट्या घालत फ्लेअर (इशाऱ्याचे पेटते गोळे) सोडायचा आणि गट जमला की परत यायचा. लढायचं नसल्यामुळे मशीनगनाही बहुधा काढलेल्या.

मी अशा विमानांची 1:72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाची, दोन मॉडेलं केली आहेत. एक शिपडमच्या 44व्या गटाचं पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं 'लेमन ड्रॉप', दुसरं हॉर्शम सेंट फेथच्या 458व्या गटाचं ठिपक्यांचं 'फर्स्ट सार्जंट'.

कपाटात लेमन ड्रॉपच आधी नजरेत भरतं, हे कबूल. पण रंगवताना त्याने माझा जीव खाल्ला. आधी पिवळा मारला, टेप लावली, काळा मारला. टेप काढली तर पॅनेलच्या खाचांतून काळा आत शिरलेला, अगदी केसाएवढा. वाटलं, वरून पिवळा फिरवू. पण काळ्यावर पिवळा बसतच नाही, शेवाळल्यासारखा हिरवट दिसतो. मग तेवढाच भाग घासा, पांढरा द्या, परत पिवळा. तोवर शेजारचा पट्टा टेपेबरोबर उचकटून येतो. असे तीन रविवार गेले. शिवाय पोटाखाली डावीकडचा पट्टा उजवीकडच्याला दोन मिलिमीटरने चुकला, तो चुकलाच.

ठिपक्यांचा त्रास वेगळा. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील ठिपके) मोजताना डोळे शिणतात, नाकाच्या गोलाईवर सुरकुत्या पडतात (सॉफ्टनरशिवाय, म्हणजे डिकल मऊ करणाऱ्या द्रवाशिवाय, हात घालू नका), आणि पावसाळ्यात माझ्या काही ठिपक्यांखाली चंदेरी हवा राहिली. पण वाकडा बसलेला ठिपका ओला असेपर्यंत सरकवता येतो. फाटलाच तर जादाचा लावायचा. आणि एखादा इकडेतिकडे झाला तर मोजायला कोण येतंय?

फर्स्ट सार्जंटची गोष्टही मला जवळची वाटते. शत्रूच्या गोळ्यांतून वाचलेलं हे विमान मे 1944 मध्ये जमिनीवरच फ्लेअर पेटून जळालं. त्याची जागा 'स्पॉटेड एप'ने घेतली, तेही ठिपक्यांचंच.

एअरब्रशवर (रंग फवारायच्या छोट्या यंत्रावर) हात बसलेला असेल आणि चिकाटी असेल तर पट्टे जरूर करा, माझ्यापेक्षा बरेच होतील. बहुतेक फोटो कृष्णधवल असल्याने छटेवरून वाद घालणारे दोन्हीकडे भेटतीलच. पहिलंच असं विमान असेल तर मात्र मी ठिपक्यांकडे बोट दाखवीन.

लेमन ड्रॉप अजून कपाटात आहे. उजवी बाजू भिंतीकडे.