राउटिंग बदलायचंय: टायमर लावून थेट, की आधी ट्रॅफिक हलवून?

चालू नेटवर्कात राउटिंगची (डेटाने कोणत्या वाटेने जायचं याची) कॉन्फिग बदलायला मुख्यतः दोन वाटा. ट्रॅफिक वाहत असतानाच बदल करायचा आणि बिघडलं तर ठरलेल्या वेळाने जुनं आपोआप परत येईल असा टायमर ठेवायचा. किंवा त्या राउटरवरचा ट्रॅफिक आधी दुसरीकडे वळवून मग काम करायचं, म्हणजे ड्रेन. पहिलीला बरेच जण 'सेफ' म्हणतात. मला ते पटत नाही. टायमर तुमचा राउटरवरचा ॲक्सेस वाचवतो, ग्राहकाचा ट्रॅफिक नाही.

ज्युनिपर कंपनीच्या राउटरवर 'कमिट कन्फर्म्ड' ही कमांड दिली आणि १० मिनिटांत पक्कं केलं नाही, तर जुनी कॉन्फिग परत. पण बदल चुकला असेल तर तेवढा वेळ ग्राहक अंधारातच. सिस्को राउटरच्या जुन्या आयओएस या सिस्टिमवर तर एंटर मारला की ओळ लागू. जुना डिफॉल्ट रूट (दुसरी वाट ठाऊक नसेल तेव्हाची वाट) काढला, नवा टाकायच्या आत तुमचं लॉगिन सेशनच गेलं, कारण तुम्ही त्याच रूटवरून आत आला होतात! म्हणून 'रिलोड इन १०' (१० मिनिटांनी रीस्टार्ट) लावायची पद्धत. त्यात अख्खा डबा रीस्टार्ट होतो, आणि सवयीने कोणी आधीच 'राइट मेमरी' (कॉन्फिग कायमची साठवणारी कमांड) मारलं असेल तर तो चुकीच्या कॉन्फिगसकटच उठतो.

ड्रेनला मेहनत जास्त. नेटवर्काच्या आतल्या वाटा ठरवणाऱ्या प्रोटोकॉलपैकी ओएसपीएफमध्ये मॅक्स-मेट्रिक (स्वतःची वाट सगळ्यात महाग दाखवणं), आयएस-आयएसमध्ये ओव्हरलोड बिट ('माझ्यातून जाऊ नका' ही खूण) लावला की बाकीचे राउटर पर्यायी वाट असेल तर या राउटरमधून जाणं टाळतात. बाहेरच्या नेटवर्कांशी रूटची देवाणघेवाण करणाऱ्या बीजीपीसाठी २०१८ च्या आरएफसी ८३२६ या इंटरनेट दस्तऐवजातली ६५५३५:० ही कम्युनिटी (रूटला लावायची खूणचिठ्ठी) आहे: ती लावलेल्या रूटचा लोकल प्रेफरन्स (पसंतीचा आकडा, मोठा तो आधी) समोरच्याने शून्यावर आणायचा. अपस्ट्रीम (तुम्हाला इंटरनेट देणारा) ती मानतो का, हे आधी विचारून घ्या. नुसत्या प्रिपेंडवर (वाट मुद्दाम लांब दाखवण्यावर) विसंबू नका, लोकल प्रेफरन्सपुढे एएस पाथच्या (वाटेत लागणाऱ्या नेटवर्कांच्या यादीच्या) लांबीला कोणी विचारत नाही. मग इंटरफेसचा ग्राफ खाली बसेपर्यंत थांबायचं, आणि तो खरंच बसला तरच हात लावायचा.

परत आणताना घाई नडते. राउटर रीस्टार्ट झाला असेल तर ओएसपीएफ क्षणात उभं राहतं, बीजीपीचं पूर्ण टेबल यायला वेळ लागतो. मधल्या काळात आलेला ट्रॅफिक सरळ खड्ड्यात. ओव्हरलोड बिट किंवा मॅक्स-मेट्रिक हे टेबल भरल्यावरच काढावं.

रूट गळत असतील (नको तिथे भरमसाट पोचत असतील) तर मात्र दोन्ही वाटा अपुऱ्या. ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या रॉजर्स या टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कात रूट अडवणारा एक फिल्टर निघाला, रूटचा लोंढा कोर राउटरवर आदळला आणि ते कोलमडले. राउटर सांभाळायचं मॅनेजमेंट नेटवर्कही त्याच कोरवर, त्यामुळे इंजिनिअरांनाच आत शिरता येईना. इथे समोरच्या राउटरवर रूटसंख्येची मर्यादा आणि मॅनेजमेंटची स्वतंत्र वाट, दोन्ही हवीत.

मग निवड कशी? १० जीचे (सेकंदाला १० गिगाबिटचे) दोन अपलिंक, म्हणजे बाहेर जाणारे लिंक, दोन्हींवर ६-६ जी ट्रॅफिक असेल तर ड्रेन विसरा, उरलेला लिंक तुंबेल. रात्री ३-३ वर आला की करा. जागा असेल तर ड्रेनच, आणि वर टायमरही. फिल्टरमध्ये एखादा प्रिफिक्स (ॲड्रेसचा गट) वाढवायला ड्रेनचा घाट घालू नका, 'शो कम्पेअर' (जुन्या-नव्या कॉन्फिगमधला फरक) नीट वाचून टायमरवर काम उरका. एकच अपलिंक असलेल्या छोट्या आयएसपीला (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला) पर्यायच नाही: पहाटेची वेळ, ५ मिनिटांचा टायमर आणि राउटरपाशी कन्सोल केबल लावून बसलेला माणूस.