धुईत विमान: जवळची धावपट्टी की नागपूर?

तुरीचा फुलोरा गाळणारी धुई विमानालाही आडवी येते. डिसेंबर-जानेवारीत तिकीट काढताना अमरावतीचं बेलोरा, गोंदियाचं बिरसी जवळ की नागपूर, हा हिशेब नंतर करा. आधी बघा, त्या धावपट्टीवर उतरायला किती मीटर दिसावं लागतं.

नुसत्या नजरेने, म्हणजे व्हीएफआरने, उतरायचं तर 5 किलोमीटर. धुई राहू द्या, पऱ्हाट्या जाळल्याचा धूर साचला तरी अडतं. आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा, कॅट-1 या पहिल्या दर्जाची असेल तर 550 मीटर आरव्हीआर (धावपट्टीवर दिसणारं अंतर) पुरतो. 200 फूट उंचीवर दिवे दिसले नाहीत की विमान परत वर. कॅट-2 ला 300 मीटर आणि 100 फूट. दिल्लीच्या कॅट-3बी ला 50 मीटरही चालतात. धावपट्टीच्या काठचे दिवे 60 मीटरवर एक असतात, म्हणजे पुढचा दिवासुद्धा दिसत नाही. मधल्या रेषेचे, 15 मीटरवरचे, जेमतेम तीन दिसतात. तिथे उतरवतो ऑटोपायलटच.

मग सगळीकडे कॅट-3 का नाही? नुसत्या यंत्राने भागत नाही. वीज गेली तर कॅट-1 ला काठचे दिवे 15 सेकंदांत परत लागले तरी चालतं, कॅट-2, 3 ला मधल्या रेषेचे दिवे 1 सेकंदात लागावे लागतात. शिवाय विमान आणि दोन्ही वैमानिकही त्या दर्जाचे हवेत. एक जरी कमी पडला तर वरचा दर्जा कागदावरच.

बातमीतली दृश्यमानता आणि आरव्हीआर एक नव्हे. आरव्हीआर धावपट्टीलगतचं यंत्र मोजतं, त्यात दिव्यांचा उजेड धरलेला असतो; म्हणून रात्री दृश्यमानता 300 असताना आरव्हीआर 600 निघू शकतो. विमान 1000 फुटांवर येईस्तोवर आकडा कमी असेल तर पुढे यायचंच नाही. त्यानंतर घसरला तर 200 फुटांपर्यंत येऊन बघता येतं. घिरट्या घालणारं विमान कधी अचानक उतरतं, कधी हैदराबादला जातं, ते यामुळे.

तुमच्या धावपट्टीवर आयएलएस आहे का, हे विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपीत, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत माहितीपुस्तकात, त्या विमानतळाच्या 2.19 या कलमात मिळतं. नसेल तर सकाळी 11 नंतरचंच विमान घ्या. नागपूरचं सकाळचं चालेल, पण ते विमान दिल्लीहून येणारं नको. तिकडची धुई इकडे उशीर होऊन उतरते.

आदल्या रात्री नागपूरचं मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, उघडा. तापमान-दवबिंदू 13/12 असे चिकटलेले, वारा पडलेला आणि दोन दिवसांत पाऊस झालेला असेल, तर पहाटेचं तिकीट दुपारवर ढकला.