तीन कप्प्यांचा पारदर्शक गल्ला – पॉकेटमनी द्यावा की नाही या वादात घेतला होता, सात महिने वापरून लिहितेय

घेतल्या घेतल्या रिव्ह्यू लिहिला असता तर प्लास्टिक जाड आहे, रंग छान आहे एवढंच लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले होते. आता सात महिने झालेत, गल्ला रोज वापरात आहे, एकदा टेबलावरून खाली पण पडलाय.

आधी का घेतला ते सांगते, कारण नुसता गल्ला हवा म्हणून कोणी हा घेणार नाही. आमच्याकडे मोठी मुलगी आठ वर्षांची, धाकटा पावणेसहा. पॉकेटमनी सुरू करावा की नाही यावर माझं आणि नवऱ्याचं बरेच दिवस चाललं होतं. त्याचं म्हणणं, लागेल ते आपण आणून देतोच की, मग एवढ्याशा पोरांच्या हातात पैसे कशाला. माझं म्हणणं असं होतं की मागितलं की द्यायचं नाहीतर नाही म्हणायचं, यात मुलांना पैशाचा हिशोब कळतच नाही, आईचा मूड कधी चांगला असतो तेवढं मात्र बरोब्बर कळतं. शेवटी ठरलं की सहा महिने करून बघू, नाही जमलं तर बंद.

त्याआधी महिनाभर मुलांसाठीचं एक कार्डवालं ॲप पण वापरून बघितलं. मुलीला स्क्रीनवर एक आकडा दिसायचा, तो कमी झाला काय आणि वाढला काय, तिला काही वाटायचं नाही. आणि तिने काहीही घेतलं की मला मेसेज यायचा, मग मी लगेच विचारणार हे का घेतलंस, म्हणजे पैसे तिचे आणि लक्ष माझं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कदाचित चालेल, आठ वर्षांच्या मुलीला नाही चाललं, बंद केलं.

मग हा गल्ला. तीन कप्पे, तिन्ही आरपार दिसणारे, वर तीन खाचा आणि खाली प्रत्येक कप्प्याला वेगळं फिरवायचं झाकण. एक खर्चाचा, एक साठवायचा, एक दुसऱ्याला द्यायचा. आरपार दिसतं हीच याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आमच्या लहानपणीचा गल्ला फोडेपर्यंत आत किती आहे ते कळायचं नाही, इथे थर चढताना दिसतो. मुलीने दुसऱ्या आठवड्यापासून रबरबँड लावून खूण करायला सुरुवात केली, इथपर्यंत आलं की रंगांचा मोठा सेट. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

धाकट्याला मात्र अजून हे झेपत नाही. त्याला एक मोठं नाणं देऊ की पाच छोटी असं विचारलं तर पाच छोटी घेतो, त्यांची किंमत कमी आहे हे सांगूनही. पियाजे नावाच्या बालमानसशास्त्रज्ञाने असंच काहीसं कधीच दाखवून ठेवलंय, साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना पसरून ठेवलेल्या वस्तू जास्तच वाटतात, मोजून दाखवल्या तरी. त्यामुळे एवढ्या लहान मुलासाठी घाईने तीन कप्पे घेऊ नका, त्याला आत्ता नाणी ओळखता आली तरी खूप झालं.

आता सोबत आलेल्या पुस्तिकेबद्दल, आणि इथे माझा राग आहे. त्यात घरकामाचा तक्ता दिलाय, अंथरूण आवरलं की इतकी नाणी, ताटं उचलली की इतकी नाणी, पुस्तक वाचलं की इतकी. मी तो तक्ता वापरला नाही आणि तुम्हीही वापरू नका असं कळकळीने सांगते. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग आहे, चित्र काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं की बक्षीस मिळेल, आणि पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांचं चित्र काढणं कमी झालं. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांचं तसं झालं नाही. माझी मुलगी पुस्तकात डोकं घालून बसते, तिला पानामागे नाणं मोजायला शिकवलं तर मी स्वतःच्या हाताने तिची आवड घालवीन. आणि ताट उचलायचं ते घर सगळ्यांचं आहे म्हणून, उद्या तिने आज मला नाणी नकोत असं म्हणून ताट तसंच ठेवलं तर मी काय बोलणार. आमच्याकडे पॉकेटमनी कामाला जोडलेला नाही, रविवारी सकाळी दहा नाणी, मस्ती केली तरी दहा, शहाण्यासारखं वागली तरी दहा.

तिसऱ्या आठवड्यात तिने खर्चाचा सगळा कप्पा एका चमकणाऱ्या पेनवर उडवला. पेन दोन दिवसांत बंद पडलं. रडली, पुढच्या रविवारचे आत्ताच दे म्हणाली, नवरा विरघळला होता, मी नाही म्हटलं आणि रात्री मलाच झोप लागली नाही. पण त्यानंतर दुकानात गेलं की ती वस्तू हातात घेते, उलटसुलट करून बघते आणि बऱ्याचदा परत ठेवते. मी शंभर वेळा सांगून जे झालं नव्हतं ते एका पेनाने झालं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. एकदा दारात माणूस उभा आणि घरात सुट्टे नाहीत, मी तिच्या साठवायच्या कप्प्यातून चार नाणी काढली, मनात होतं संध्याकाळी ठेवीन, राहूनच गेलं. चौथ्या दिवशी ती गल्ला घेऊन आली, आई, रबरबँडच्या खाली कसं गेलं गं? तिचा चेहरा बघून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. चूक सांगितली, चार परत दिली, माफी मागितली. तरी पुढचे दोन आठवडे तिने साठवायच्या कप्प्यात एकही नाणं टाकलं नाही, सगळं खर्चात.

तेव्हा मला २०१३ चा रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग आठवला. मार्शमॅलोची परीक्षा बऱ्याच जणांना माहीत असते, मुलासमोर मार्शमॅलो ही मऊ गोड गोळी ठेवायची, न खाता थांबलास तर आणखी एक मिळेल असं सांगायचं, आणि मूल किती वेळ थांबतं त्यावरून त्याचा संयम मोजायचा. रॉचेस्टरमध्ये २८ मुलांपैकी निम्म्यांना आधी मोठ्या माणसाने दिलेला शब्द मोडलेला दाखवला, निम्म्यांना पाळलेला. शब्द मोडलेला बघितलेली मुलं सरासरी तीन मिनिटं थांबली, दुसरी बारा मिनिटं. म्हणजे देणारा माणूस भरवशाचा आहे का हे मूल आधी बघतं. माझ्या मुलीने पण तेच केलं. आता गल्ल्यातलं काही हवं असेल तर तिला विचारते, वहीत लिहून सही करते, आणि रविवार एकही चुकवलेला नाही, प्रवासात होतो तेव्हा पण नाणी बरोबर नेली होती.

द्यायच्या कप्प्याबद्दल फार काही नाही, तो हळू भरतो, आम्ही त्यात किती टाकायचं ते सांगत नाही.

वस्तू म्हणून खोट आहेतच. खाच लहान आहे, घडी घातलेली नोट अडकते. स्टिकर महिन्याभरात निघाले. साठवायच्या कप्प्याचं झाकण बाकीच्या दोघांइतकंच सहज उघडतं, ते जरा घट्ट असतं तर बरं झालं असतं. पडला तेव्हा एका कोपऱ्याला तडा गेला, पण नाणी सांडली नाहीत, अजून चालतोय.

पाचपैकी चार स्टार. एक पूर्ण त्या तक्त्यासाठी कापलाय, तडा आणि स्टिकर मी सोडून दिले असते. तुमचं मूल सातच्या आसपास असेल आणि तुम्ही ठरलेल्या दिवशी न चुकता देणार असाल तर घ्या. दर आठवड्याला आठवण राहणार नसेल तर आधी ते जमवा, गल्ला नंतर घेता येईल.

नवऱ्याने सहा महिने झाल्यावर बंद करायचा विषय काढला नाही. धाकट्यासाठी पुढच्या वर्षी दुसरा घेऊ, त्यावर स्टिकर न लावता थेट मार्करने नावं लिहिणार आहे.