अकरावी सायन्स: गणित, जीवशास्त्र, दोन्ही की बायफोकल?

दहावीच्या निकालानंतर सायन्स, कॉमर्स की आर्ट्स यावर घरात बरीच चर्चा होते. एकदा सायन्स ठरलं की पालक निर्धास्त होतात. पण त्याच्या पोटातली निवड तितकीच मोठी असते: गणित ठेवायचं की जीवशास्त्र, दोन्ही घ्यायचे की बायफोकल? ती मात्र प्रवेशाच्या दिवशी, रांगेत उभं असताना, पुढच्या मुलाने काय भरलं ते बघून होते. ज्युनिअर कॉलेजात शिकवताना मी हे दरवर्षी पाहते, आणि दरवर्षी वाटतं की या पालकांना हे सगळं निवांतपणे, फॉर्म भरण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून हा आढावा. तो राज्य मंडळाच्या बारावीपुरता आहे.

आधी गुणपत्रिका समजून घ्या

बारावीला सहा विषयांचे 600 गुण. इंग्रजी सक्तीचं. दुसरी भाषा म्हणून मराठी, हिंदी, संस्कृत, कुठे फ्रेंच किंवा जर्मन. बऱ्याच कॉलेजांत या जागी आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान, घेता येतं. उरलेल्या चार जागांवर साधारणपणे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी. हे चारही घेतले की ते पीसीएमबी. काही कॉलेजांत यालाच जनरल सायन्स म्हणतात. गणित सोडलं तर पीसीबी, बायो सोडलं तर पीसीएम, आणि रिकाम्या जागी कॉलेज देत असेल तो विषय, बहुतेक ठिकाणी भूगोल, काही ठिकाणी मानसशास्त्र. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोला 70 गुणांची लेखी आणि 30 गुणांची प्रॅक्टिकल परीक्षा असते, गणिताला 80 आणि 20.

बायफोकलमध्ये मांडणी बदलते. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा एकच विषय 200 गुणांचा असतो. तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा घेतो. म्हणजे इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि सीएस, झाले 600.

गणित आणि बायो: निम्मे गुण एकाच विषयाला

पालकांना सहसा हे माहीत नसतं, आणि माझ्या मते निवड इथेच ठरायला हवी. एमएचटी-सीईटी ही इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा. तिच्या पीसीएम ग्रुपमध्ये फिजिक्सचे 50 प्रश्न 50 गुणांना, केमिस्ट्रीचे 50 प्रश्न 50 गुणांना, पण गणिताचे 50 प्रश्न तब्बल 100 गुणांना असतात. पीसीबी ग्रुपमध्ये बायोचे 100 प्रश्न 100 गुणांना. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत 720 पैकी 360 गुण बायोचे. थोडक्यात, फिजिक्स-केमिस्ट्री दोन्हीकडे असलं तरी निम्मा निकाल त्या एका विषयावर लागतो.

ज्या मुलाला गणिताचा पेपर पाहून घाम फुटतो, त्याला ‘फिजिक्स-केमिस्ट्रीत भरून काढेल’ असं म्हणून पीसीएमला बसवू नका. सीईटीत भरून काढायला जागाच उरत नाही. हेच उलट बाजूनेही खरं. पाठांतराचा, आकृत्यांचा, शेकडो संज्ञांचा कंटाळा असणाऱ्या मुलाला नीट जड जाते, मग फिजिक्स कितीही पक्कं असो. जेईई मेन या इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा हिशेब थोडा वेगळा आहे: 300 पैकी तिन्ही विषयांना प्रत्येकी 100. तिथे फिजिक्स भक्कम असलेल्या मुलाला थोडी मोकळीक मिळते, पण चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात. सीईटीत ते कापले जात नाहीत.

दहावीचे गुण यासाठी फारसे कामाचे नाहीत. दहावीचं गणित आणि अकरावीचं गणित यांत मोठी उडी आहे. त्यापेक्षा सुट्टीत अकरावीचं गणिताचं आणि बायोचं पुस्तक घरी आणा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफही मिळतात. मुलाला दोन्हीतला एकेक धडा स्वतःहून वाचू द्या. शिकवणी न लावता ते कुठल्या पुस्तकाशी जास्त वेळ बसतं, एवढं लक्षात आलं तरी पुष्कळ.

कोणती वाट बंद होते, कोणती होत नाही

गणित सोडलं की इंजिनीअरिंग, आर्किटेक्चर, मर्चंट नेव्ही, वैमानिकाचं प्रशिक्षण, एनडीएतून नौदल आणि हवाई दल, संख्याशास्त्राची पदवी हे सगळं बाजूला पडतं. (एनडीएतून भूदलात मात्र कुठल्याही शाखेचा विद्यार्थी जाऊ शकतो.) बायो सोडलं की एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, पशुवैद्यक आणि बीएस्सी नर्सिंग.

आता गैरसमज. बी.फार्मसाठी बायो लागतंच असं नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायो यांपैकी एक पुरतं. बीएस्सी कृषीसाठीही दोन्ही ग्रुप चालतात. बायोटेक्नॉलॉजीत बी.टेक. करायचं म्हणून बायो घेऊन गणित सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. बी.टेक. म्हणजे इंजिनीअरिंग, त्याला गणित लागतं. आणि वकिली, सीए, डिझाईन, हॉटेल मॅनेजमेंट यांना गणित-बायोपैकी काहीच सक्तीचं नाही. तिकडेच जायचं असेल तर सायन्सच का, हाही प्रश्न घरात एकदा मोकळेपणाने विचारावा. सीए फाउंडेशनला गणित आणि संख्याशास्त्रावर पेपर असतो, तेव्हा कॉमर्सला जाणाऱ्याने एसपीऐवजी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) गणित घ्यावं असं मी आवर्जून सांगेन.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मुलीला गणित आवडत असतानाही ‘तिला बायो बरं, पुढे नर्सिंग-फार्मसी करता येईल’ असं ठरवणारी घरं अजून आहेत. मुलगी गणितात रमत असेल तर तिला पीसीएम घेऊ द्या. ती वाट एकदा बंद झाली की उघडायला वर्ष जातं, आणि मुलीच्या वाट्याला ते वर्ष बहुतेक घरं देत नाहीत.

दोन्ही घ्यावेत का?

सर्वांत जास्त पालक हाच पर्याय निवडतात, कारण तो सुरक्षित वाटतो. मला तो सरसकट सुरक्षित वाटत नाही.

पीसीएमबीची किंमत वेळात मोजावी लागते. कॉलेजात तीन विषयांची प्रॅक्टिकल आणि जर्नल, शिवाय गणिताची आठवडाभराची गणितं. त्यातून प्रवेश परीक्षांचे अभ्यासक्रम सारखे नाहीत. सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर असते, अकरावीला साधारण 20 टक्के आणि बारावीला 80 टक्के वजन. नीट आणि जेईईला अकरावी-बारावी दोन्ही सारखीच महत्त्वाची, आणि नीटच्या बायोसाठी एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईला चालणारी, पुस्तकं ओळ अन् ओळ वाचावी लागतात. म्हणजे दोन्ही ग्रुप ठेवणाऱ्या मुलाच्या टेबलावर दोन मंडळांची पुस्तकं, सीईटीचे दोन वेगळे पेपर आणि एक नीट. अकरावीच्या दिवाळीपर्यंत हे निभतं. बारावीत मात्र बहुतेक मुलं मनातल्या मनात एक विषय सोडून देतात आणि कागदावर तो चालू ठेवतात. मग त्या विषयात जेमतेम गुण पडतात आणि एकूण टक्केवारी घसरते.

मग दोन्ही कुणी घ्यावेत? ज्याला दोन्ही विषय मनापासून आवडतात त्याने. मूलभूत विज्ञानात संशोधन करायचं आहे, पुण्यासारख्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) जायचं आहे, अशा मुलाला पीसीएमबीचा खरा उपयोग होतो, कारण आयसरच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या चौघांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात. दुसरं, ज्याचं खरोखर ठरलेलं नाही आणि गणित ज्याला सहज जमतं, त्याने अकरावीपुरते दोन्ही ठेवावेत. इथे ‘सहज’ हा शब्द महत्त्वाचा. गणितासाठी रोज धडपडणाऱ्या मुलाला ‘असू दे सोबत’ म्हणून ते दिलं, तर बायोचाही वेळ त्यातच जातो.

नीटची तयारी ठरलेली असेल तर गणित सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘नीट नाही झाली तर इंजिनीअरिंग’ हा बेत कानाला बरा वाटतो, पण बारावीत गणिताकडे पाहायला वेळ न मिळालेलं मूल सीईटीच्या गणितात 100 पैकी किती मिळवणार? नीट नाही जमली तर फार्मसी, कृषी, नर्सिंग, बीएस्सी हे पीसीबीवर उपलब्ध असतंच.

बायफोकल: कुणाच्या फायद्याचं

इंजिनीअरिंगचं पक्कं असेल, बायो नकोच असेल आणि दुसरी भाषा सोडायला हरकत नसेल, तर बायफोकल चांगला सौदा आहे. कॉम्प्युटर सायन्सचे 200 गुण दोन पेपरांत विभागलेले असतात आणि प्रत्येक पेपरात 50 गुण लेखी, 50 प्रॅक्टिकल. निम्मे गुण प्रॅक्टिकलला असल्यामुळे नियमित काम करणाऱ्या मुलाची टक्केवारी वर राहते. सीईटी-जेईईच्या वर्षात डोक्यावरचा एक विषय कमी होतो, हा त्याहून मोठा फायदा.

पण ‘संगणक शिकेल, पुढे आयटीत जाईल’ या एकाच आशेने ते घेऊ नका. सी प्लस प्लस, ऑपरेटिंग सिस्टीम, 8085 मायक्रोप्रोसेसर असे पायाभूत घटक त्यात आहेत. इंजिनीअरिंगला गेलेल्याला ओळखीचे वाटतील इतपत. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला सीएस घेतल्याने वेगळं झुकतं माप मिळत नाही. तिथे सीईटीचेच गुण लागतात, आणि ते फिजिक्स, केमिस्ट्री, गणितातून येतात.

बायफोकलच्या जागा मर्यादित असतात, आणि अनुदानित कॉलेजातही त्यासाठी वेगळी फी असू शकते. प्रवेशाच्या आधी कॉलेजात जाऊन लॅब पाहा. किती संगणक चालू आहेत, प्रॅक्टिकलला बॅच किती मुलांची असते, शिक्षक पूर्णवेळ आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. लॅब चालू नसेल तर त्या प्रॅक्टिकलच्या गुणांना फारसा अर्थ उरत नाही.

आयटी आणि सीएस यांत गल्लत होते, म्हणून एवढंच: आयटी 100 गुणांचा विषय, फक्त दुसऱ्या भाषेच्या जागी येतो, त्याची 80 गुणांची परीक्षा संगणकावर होते. पीसीएम, पीसीबी, पीसीएमबी कुणालाही तो चालतो. सीएस हा 200 गुणांचा बायफोकल विषय आहे आणि दुसऱ्या भाषेबरोबर बायोचीही जागा घेतो. फॉर्मवर दोन्ही शेजारी दिसतात, पण परिणाम फार वेगळा.

दुसऱ्या भाषेबद्दल मात्र थोडं थांबून विचार करा. गुणांसाठी संस्कृत किंवा आयटी, हे समजतं. पण ज्या मुलाला पुढे स्पर्धा परीक्षांकडे वळायचं आहे किंवा ज्याला वाचनाची गोडी आहे, त्याने मराठी ठेवावी. दोन वर्षं केवळ सूत्रं आणि पर्यायी प्रश्नांत काढणाऱ्या मुलाला निबंध लिहायला लावणारा तेवढा एकच विषय उरतो.

निवड चुकली तर

अकरावी सुरू झाल्यावर विषय बदलून मिळतो का, कधीपर्यंत, हे प्रवेश घेतानाच कॉलेजात विचारून ठेवा. पहिल्या घटक चाचणीनंतर मुलाशी याच एका प्रश्नावर बोला. गुण किती पडले यापेक्षा कुठला विषय अंगावर येतोय, हे विचारा.

बारावी झाल्यावरही मार्ग असतो. राहिलेला विषय ‘तुरळक विषय’ म्हणून घेऊन मंडळाच्या परीक्षेला बसता येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून बायो देणाऱ्यांनाही नीटची मुभा दिली. कागदावर दार उघडं आहे, पण त्यासाठी सहसा एक वर्ष द्यावं लागतं, आणि त्या वर्षात कॉलेजचा आधार नसतो.

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात आणि कमाल 10 कॉलेजांची पसंती देता येते. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथेच प्रवेश घ्यावा लागतो. म्हणून पसंतीक्रम लावताना नुसता मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघू नका. तुम्हाला हवा तो ग्रुप, हवी ती दुसरी भाषा आणि बायफोकल तिथे आहे का, याची चौकशी प्रत्येक कॉलेजात एक फोन करून आधीच करा. नावाजलेल्या कॉलेजातही भूगोल नसतो, किंवा मराठीची तुकडी बंद झालेली असते, आणि ते कळतं तेव्हा प्रवेश निश्चित झालेला असतो.