बांगड्याच्या रंगाचा समुद्र, कुडाळच्या हॉलमध्ये

कुडाळात एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सध्या डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या चित्रांचं डिजिटल प्रदर्शन लागलं आहे. चारही भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरने चित्रं पडतात, ती हलतात, सोबत संगीत असतं, आणि आपण मधोमध बसायचं किंवा फिरायचं. तिकीट मोठ्यांना ३५० रुपये, मुलांना २००. मालवणाहून आम्ही चौघं गेलो होतो: मी, बायको, सातवीतला मुलगा आणि माझी आई. जरूर जाऊन या. पण तिथे काय चुकतंय तेही लिहायला हवं, कारण सुधारायला फार खर्च नाही, नुसतं लक्ष घालावं लागेल.

मी होड्यांवर नावं रंगवतो. बावीस वर्षं झाली. दुकानांच्या पाट्यांचं काम फ्लेक्सने खाल्लं, पण होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, अजून हातच लागतो. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढल्या जातात, आणि मग पावसाची उघडीप बघून घासणं, पुट्टी, प्रायमर, रंग. नारळी पौर्णिमेच्या आधीचे पंधरा दिवस मान वर करायला वेळ नसतो. त्यामुळे रंग हा माझा रोजचा विषय आहे. कुठला लाल दोन पावसाळे काढतो आणि कुठला सहा महिन्यांत गुलाबी पडतो, हे मला डबा उघडून वास घेतला तरी सांगता येतं. व्हॅन गॉगची चित्रं मी आजवर कॅलेंडरवर आणि मोबाईलवरच पाहिली होती. मूळ चित्र बघायला ॲमस्टरडॅम किंवा न्यूयॉर्कला जाणं माझ्याच्याने व्हायचं नाही. म्हणून चौके-धामापूर मार्गे तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी ती येतात, याचं मला खरोखर अप्रूप वाटलं.

हॉलमध्ये पांढरं कापड ताणून भिंती केल्या आहेत. वर लोखंडी सांगाड्यावर चौदा प्रोजेक्टर मोजले. एका प्रोजेक्टरचा उजेड संपतो तिथे दुसऱ्याचा थोडा वर चढवलेला असतो आणि दोघांच्या कडा मंद केलेल्या असतात, म्हणून शिवण दिसत नाही. म्हणजे दिसू नये. समुद्राकडच्या भिंतीवर (भिंतींना मी मनात दिशा देऊन टाकल्या होत्या) ती बोटभर सरकली होती आणि एका होडीची डोलकाठी दुहेरी दिसत होती. ज्याने हे जुळवलं त्याने सकाळी दहा मिनिटं दिली असती तर बसलं असतं.

सुरुवात होते ती बटाटे खाणाऱ्या कुटुंबाच्या चित्राने. १८८५ सालचं, हॉलंडमधलं. दिव्याखाली बसलेली पाच माणसं, मातीसारखे रंग. इथे प्रोजेक्टरची मर्यादा उघडी पडते. प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. पांढऱ्या कापडावर काळा म्हणजे फक्त उजेड न पडलेलं पांढरं कापड, आणि दरवाजाच्या फटीतून जरासा उजेड आला की ते राखाडी होतं. त्या चित्राचा सगळा जीव अंधारात आहे, तोच धुऊन निघाला होता. आईने मात्र त्या बायांच्या हाताच्या गाठी बघितल्या आणि बराच वेळ बघत राहिली. तिचेही हात तसेच आहेत. चाळीस वर्षं मासळी बाजारात बसली आहे ती.

मग व्हिन्सेंट दक्षिण फ्रान्सला येतो, आर्लला, आणि भिंती पिवळ्याधमक होतात. सूर्यफुलं येतात. मुलाने "बाबा!" म्हणून माझा हात धरला. ते खरंच सुंदर होतं, जमिनीवरसुद्धा पाकळ्या सरकत होत्या आणि आईच्या लुगड्यावरून त्या चढल्या. त्यानंतर जे आलं त्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे.

वाळूवर ओढलेल्या चार होड्या. लाल, हिरव्या, निळ्या. मागे समुद्रात शिडं. १८८८ च्या मे महिन्याच्या शेवटी व्हिन्सेंट भूमध्य समुद्राच्या काठच्या सेंत-मारी नावाच्या गावी काही दिवस गेला होता, त्याची ही आठवण. मूळ चित्र ६५ बाय ८१.५ सेंटिमीटरचं, दोन हातांत धरावं एवढं. इथे ते चौदा-पंधरा फूट उंच. एका होडीच्या नाळेवर नाव लिहिलं आहे. माझ्या बावीस वर्षांत मी ज्या जागी ब्रश टेकवतो, नेमकं तिथे. आईनेही तेच पाहिलं.

"नाव काय लिवलाहा तेच्यार?"

"आमितिए. फ्रेंच आहे, आये. मैत्री."

तिने मान हलवली. आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर या नावाची होडी असती तर कोणी वळून बघितलं नसतं, इतकं ते ओळखीचं. पण लगेच ती म्हणाली, "वाळूतली होडी हलता कशी रे?"

कारण हलत होती. चित्राला जिवंत करायचं म्हणून ज्याने ॲनिमेशन केलं त्याने वाळूवर ओढलेल्या होड्यांना लाटांवरच्या होड्यांसारखं डोलवलं होतं. एसीचा झोत कापडाला लागून भिंतही हलत होती, ती वेगळी. वाळूत बसलेली होडी किती जड असते, ती ढकलायला किती माणसं लागतात, हे ज्याला माहीत आहे त्याला ते डोलणं खोटं वाटतं. व्हिन्सेंटला माहीत होतं. म्हणून त्याने त्या होड्यांचा भार वाळूवर टाकला आहे, त्या रेलल्या आहेत. दूरची शिडं हलवली असती तर पुरलं असतं.

आणि चित्र गेलं. मी अजून नाळेवरची अक्षरं वाचत होतो. पुढे दुसरा समुद्र आला, त्याच गावचा, लाटा आणि लहान बोटी. तो भिंतभर पसरला आणि आई बसल्या जागी पुढे झुकली.

"आरे, हो बांगड्याचो रंग मां!"

मी बघितलं. टोपलीतला ताजा बांगडा बाजारात आला की त्याची पाठ हिरवट-निळी असते. हातात घेऊन जरा फिरवला की तीच पाठ जांभळी होते, कुशीला सोनेरी-काळ्या रेघा उमटतात, आणखी फिरवला की रुपेरी. तासाभराने ती झाक जाते, म्हणून गिऱ्हाईक आलं की आई मासा नुसता दाखवत नाही, उजेडात फिरवते. भिंतीवरचा समुद्र तसाच होता. हिरवा म्हणावं तर जांभळा.

एवढ्यात वीज गेली.

सात-आठ मिनिटं पूर्ण अंधार. पोरं ओरडली, कोणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला, जनरेटर चालू झाला आणि सगळे प्रोजेक्टर निळे पडदे दाखवत एकेक करून जागे झाले. काम करणारी मुलं दोनच होती, विशीतली, घाम पुसत धावत होती. त्यांच्यावर मी रागावणार नाही. त्यांनी सगळ्यांना बसवून ठेवलं आणि शो पहिल्यापासून लावला. त्यामुळे होड्या मला दुसऱ्यांदा मिळाल्या. या वेळी घड्याळ लावून बसलो. बावीस सेकंद. तारकांच्या रात्रीच्या चित्राला जवळजवळ चार मिनिटं आहेत, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याच्यासमोर फोटो काढतात.

कोकण किनाऱ्यावर प्रदर्शन आणता, तर होड्यांच्या चित्राला बावीस सेकंद? हॉलमध्ये मालवणची, देवबागची, वेंगुर्ल्याची माणसं होती. ती त्या चित्रासमोर आपोआप थांबली असती, बोलली असती. कुडाळला लागूनच पिंगुळी आहे. तिथले ठाकर कलाकार चित्रकथी करतात, म्हणजे हाताने रंगवलेलं एकेक चित्र समोर धरून त्यावर गाऊन कथा सांगतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. लहानपणी मी एकदा चित्रकथी पाहिली आहे. चित्रातल्या राक्षसाची गोष्ट पुरी सांगून होईपर्यंत चित्र खाली जात नव्हतं, आणि तोवर आम्ही त्याचे दात मोजून झालो होतो. हातभर कागद आणि आम्ही सगळी पोरं त्यात बुडालेली. या हॉलमध्ये चौदा प्रोजेक्टर आहेत, चित्र धरून ठेवणारं कोणी नाही.

दुसरी मोठी तक्रार मराठीची. निवेदन हिंदी आणि इंग्रजीत, तेही संगीताखाली दबलेलं. भिंतीवर चित्राचं नाव नाही, साल नाही, माप नाही. बाहेर दोन फलक आहेत, दोन्ही इंग्रजीत. मी पूर्ण वेळ आईच्या कानाशी लागून सांगत होतो आणि मागच्या रांगेतल्या दोन आजी सरकून आमच्याजवळ येऊन बसल्या, त्यांनाही ऐकायचं होतं. मुलगा शेवटी म्हणाला, "बाबा, तुम्ही माइकवरच सांगा ना." मराठी निवेदनाला काय लागतं? एक माणूस, एक दिवस.

बदामाच्या फांद्यांचं चित्र आलं, निळ्यावर पांढरी फुलं. भाऊ थिओला १८९० च्या जानेवारीत मुलगा झाला, त्या पुतण्यासाठी व्हिन्सेंटने ते काढलं. ती फुलं मुळात गुलाबी होती, लाल रंग उडाला म्हणून आज पांढरी दिसतात. बोटीवरही लालच पहिला उडतो. मूळ चित्राला ते परत मिळणार नाही, पण इथे तर उजेडच आहे, क्षणभर ती फुलं गुलाबी करून दाखवता आली असती. असं काहीतरी दाखवलं तर डिजिटलचा खरा उपयोग.

शेवट मात्र मला अजिबात पटला नाही. गव्हाचं शेत, कावळे, मग काळोख आणि बंदुकीचा मोठा आवाज. पुढच्या रांगेतली लहान मुलगी रडायला लागली. व्हिन्सेंट २९ जुलै १८९० ला गेला, वय ३७. तो कसा गेला हे लपवायला नको, पण एका आजारी माणसाचं मरण असं दचकवायला वापरू नये. शिवाय कावळ्यांचं चित्र त्याचं शेवटचं नव्हेच. ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम झाडांच्या मुळांचं चित्र शेवटचं मानतं, आणि ते निळ्या-हिरव्या-पिवळ्या रंगांनी भरलेलं आहे. ते दाखवून थांबले असते तर ती पोर रडली नसती. आणि थिओची बायको योहाना, जिने नवरा गेल्यावर तान्हं मूल सांभाळत ही शेकडो चित्रं जपली आणि लोकांपुढे आणली, तिचा उल्लेखही नाही. ती नसती तर कुडाळात आज हे प्रदर्शन नसतं.

घरी येऊन रात्री मी व्हिन्सेंटची पत्रं शोधली. ती सगळी इंग्रजी भाषांतरासकट इंटरनेटवर फुकट आहेत. मुलगा शेजारी बसून मला अडलेले शब्द सांगत होता. जून १८८८ च्या सुरुवातीला सेंत-मारीहून थिओला लिहिलेलं पत्र सापडलं. त्यात तो लिहितो की भूमध्य समुद्राचा रंग बांगड्यासारखा आहे, सतत बदलणारा: हिरवा की जांभळा कळत नाही, निळा आहे का तेही कळत नाही, कारण पुढच्या क्षणी त्यावर गुलाबी किंवा करडी झाक येते. त्यांचा बांगडा आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, पण रंगाची सवय तीच. मी ते दोनदा वाचलं. मग आईला उठवलं, रात्री साडेअकराला.

ती म्हणाली, "हो माणूस दर्यार गेललो, म्हणान तेका गावलो," आणि कूस बदलून झोपली.

त्या समुद्राच्या मूळ चित्रात, रंगाच्या थरात, वाळूचे कण सापडले आहेत, कारण तो किनाऱ्यावर वाऱ्यात बसून रंगवत होता. हे वाचून मला त्याचा हातच दिसला. दांडीवर ओल्या ऑइल पेंटवर वाळू बसली की माझा जीव खालीवर होतो. ती पुसायला गेलं तर रंग ओढला जातो, वाळेपर्यंत थांबून पॉलिश पेपर मारावा लागतो. त्याने ती तशीच राहू दिली. होड्यांचं मात्र त्याने आधी रेखाटन केलं, भल्या सकाळी, रंगांची नावं रेखाटनातच लिहून ठेवली, आणि चित्र नंतर आर्लला जाऊन रंगवलं. मीही होडीवर खडूने "निळा", "पिवळा" असं लिहून ठेवतो. प्रदर्शनात हे कुठेच नाही. भिंतीएवढ्या समुद्रात वाळूचा एक कण मोठा करून दाखवला असता तर आमच्या गावच्या प्रत्येक माणसाला तो कळला असता. मोठं करणं एवढंच तर या यंत्राला येतं.

दुसऱ्या दिवशी मी तिकीट खिडकीवरच्या मुलाला फोन करून हे सगळं सांगितलं: होड्यांचा वेळ, वाळूतलं डोलणं, मराठी, शेवटचा आवाज. त्याने लिहून घेतलं, आवाज तरी कमी करतो म्हणाला. तसं झालं असेल तर ते त्याचं श्रेय.

जाणाऱ्यांसाठी: संध्याकाळचे शो भरतात, दुपारी तीनचा बराच रिकामा असतो. वयस्कर माणसांना बीन बॅगवर बसवू नका, उठता येत नाही. मागच्या भिंतीला खुर्च्या आहेत, मागितल्या की देतात. जमिनीवर चित्रं सरकतात तेव्हा माझ्या बायकोला गरगरलं, तसं झालं तर नजर वर भिंतीवर ठेवावी. आत पाणी नेऊ देतात. समुद्र उजवीकडच्या लांब भिंतीवर सगळ्यात नीट दिसतो, तिथे तोंड करून बसा. आणि वीज गेली तर बाहेर पडू नका, पहिल्यापासून लावतात.