गुलमर्गसाठी स्नोबोर्डचं बाइंडिंग: पट्ट्यांचं, मागून उघडणारं की स्टेप ऑन?

मुंबईहून वर्षातून एकदा, आठवडाभरासाठी गुलमर्गला जाणारे बहुतेक जण बोर्डावर हात सैल सोडतात आणि बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणारी जोडणी, उरल्यासुरल्या पैशात बसवतात. व्हायला हवं उलटं. घोट्याचा दाब बोर्डाच्या कडेपर्यंत पोचतो तो बाइंडिंगमधूनच.

दोन पट्ट्यांचं बाइंडिंग, म्हणजे एक पट्टा घोट्यावर आणि एक चवड्यावर. मापात बसणारा कुठलाही स्नोबोर्ड बूट त्यात चालतो, अगदी भाड्याचाही. रॅचेट (पट्टा आवळायची कळ) किंवा तिच्यातून सरकणारी दातेरी पट्टी तुटली तर तेवढाच भाग बदलता येतो. तोटा एकच, दर वेळी बर्फात बसून पट्टे आवळायचे.

मागून उघडणाऱ्यात हायबॅक, म्हणजे पोटरीमागचा उभा आधार, मागे पडतो, पाय आत सरकवला की लिव्हरने बंद करायचं. काम झटपट होतं, पण पट्टे त्याच बुटाला जुळवलेले असतात. बूट बदलला की सगळं पुन्हा जुळवा. उतारावर ताज्या बर्फात हायबॅकमागे बर्फ साचला, तर तो पूर्ण मिटत नाही.

स्टेप ऑन बर्टनने 2017 साली आणलं. यात पट्टेच नाहीत. बुटाच्या टाचेला एक आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक क्लीट, म्हणजे बाइंडिंगमध्ये अडकणारा खिळा, असते. बूटही त्याच पद्धतीचे घ्यावे लागतात, म्हणजे खर्च बुटांसकट धरा. टाच 'टक टक' अशी दोनदा वाजली पाहिजे. बुटाखाली बर्फ घट्ट बसला की दुसरा आवाज येत नाही. तेव्हा पाय काढून तळ आणि बाइंडिंग दोन्ही खरवडायचं. अर्धवट अडकलेल्या टाचेवर उतरू नका.

आमचं मत पट्ट्यांच्या बाजूने आहे. चेअरलिफ्टवर दर फेरीला मागचा पाय सोडावा-बांधावा लागतो, तिथे झटपट प्रकारांचा खरा फायदा. गुलमर्गच्या गोंडोल्यात (बंद डब्यांच्या रोपवेत) बोर्ड काढूनच चढावं लागतं आणि अफरवत डोंगरावरचा टप्पा 3,900 मीटरच्या वर सोडतो. फेऱ्या लांब, म्हणून दिवसाला मोजक्याच. पट्टे आवळायला लागणारं मिनिटभर तिथे जाचत नाही. अडलेली टाच मात्र जाचते.

बाइंडिंगचा कडकपणा 1 ते 10 असा छापलेला असतो. शिकणाऱ्याने 3-4 घ्यावा, खोल बर्फात सरावलेल्याने 5-6. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

खरेदीआधी बोर्डाची भोकं बघा: 4×4, 2×4 (भोकांमधलं अंतर, सेंटिमीटरमध्ये) की बर्टनची चॅनेल खाच? बाइंडिंग बोर्डाला धरणारी मधली डिस्क त्याच जातीची हवी. बसवताना पुढचा पाय +15, मागचा −9 अंश ठेवा (+ म्हणजे चवडा बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे, − म्हणजे मागच्या). बूट घालून बोर्डाबाहेर चवडा आणि टाच सारखीच डोकावते का, तेही पाहा. स्क्रू एम-6 असतात आणि त्यांना 3 नंबरचा पोझीड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर लागतो. साध्या फिलिप्सने खाचा झिजतात, मग स्क्रू निघता निघत नाही. स्क्रू जास्त लांब असला तर बोर्डाच्या तळाला फुगवटा येतो. पहिल्या फेरीनंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळा. स्क्रूड्रायव्हर चेक-इन सामानात टाका. सोबत दोन दातेरी पट्ट्या, एक रॅचेट आणि चार स्क्रू असू द्या.

घरी आल्यावर बाइंडिंग बोर्डावरून काढून पंख्याखाली सुकवा आणि कपाटात उघडंच ठेवा. बंद बॅगेत राहिलं तर मुंबईच्या पावसाळ्यात फोमला बुरशी येते आणि स्क्रू गंजतात.