जुन्या मेकॅट्रॉनिकचे ५८ हजार

नागपुरात कामठी रोडला माझं गॅरेज आहे. फोक्सवॅगन, स्कोडा आणि जुन्या मर्सिडीज, एवढ्याच गाड्या घेतो. दुसरीकडे फसलो असतो तर एक वेळ समजलं असतं, पण मी फसलो तो गाडीच्याच पार्टमध्ये. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

मे महिना होता. एका रिटायर्ड शिक्षकांची पोलो जीटी टीएसआय आली. चालता चालता गियर सुटायचा, मीटरमध्ये पाना लुकलुकायचा. स्कॅनरवर पी१७बीएफ, गिअरबॉक्सच्या तेलपंपाचा कोड. ७ गियरच्या डीएसजीवर, म्हणजे फोक्सवॅगनच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर, काम करणाऱ्यांना हा पाठ असतो. क्लच कोरडा असला तरी गियर बदलणारं मेकॅट्रॉनिक चालतं तेलाच्या दाबावर. लिटरभर तेल, एक पंप आणि दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर. अॅक्युम्युलेटर जिथे बसतो तिथे अॅल्युमिनियमच्या बॉडीला तडा गेला की दाब टिकत नाही, पंप धापा टाकत राहतो आणि शेवटी कंट्रोलर त्याला बंद करतो. नवं युनिट लाखाच्या वर जातं. सर म्हणाले, "भाऊ, गाडीचीच किंमत किती राहिली आता? काही जुनं-बिनं पाहा ना."

मेकॅनिकांच्या ग्रुपवर विचारलं. तासाभरात फोन. माणूस बाहेरगावचा, गोड हिंदी, आणि पहिलाच प्रश्न, "भैया, कोड कौन सा आया? पंप चल रहा है कि बंद हो गया?" इथेच मी अर्धा गळाला लागलो. कारण भुरट्या माणसाला पंपाचं काय कळतं, असं मला वाटलं. त्याने व्हिडिओ कॉल केला. ठोकलेली एक पोलो, इंजिन चालू, स्कॅनर लावलेला, दाब ४० ते ६० बारमध्ये खेळतोय. मग स्टिकरचा फोटो, नंबर ०एएमने सुरू होणारा, बाजूला कागदावर माझ्या गॅरेजचं नाव आणि तारीख. जीएसटी नंबरचं बिलही आलं. सौदा ५८ हजारांत ठरला, १८ हजार आधी. आणि वर एक अट, की जुना पीस एक्स्चेंजमध्ये पाठवायचा, नाहीतर १० हजार जास्त. मला हे उलट चांगलंच वाटलं, अशी अट धंद्यातलाच माणूस घालतो ना!

माल वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात आला. बिल्टी, म्हणजे माल सोडवायची ट्रान्सपोर्टची पावती, मात्र त्याच्याकडेच. "बाकी ४० डाल दो, बिल्टी की कॉपी अभी भेजता हूँ." बिल्टीशिवाय गोदामवाला खोकं देत नाही, आणि डिलिव्हरी घेतल्याशिवाय फोडूही देत नाही. सर रोज दोनदा फोन करत होते, "झाली का गाडी?" मी ४० टाकले. त्याच ट्रान्सपोर्टने माझं जुनं युनिटही रवाना केलं.

बाहेरून पीस झकास होता, जरा जास्तच झकास. बसवला, बेसिक सेटिंग केलं, गाडी चकाचक चालली. सर पेढे घेऊन आले. तिसऱ्या दिवशी दुपारी छत्रपती चौकातून त्यांचा फोन, "भाऊ, पुन्हा न्यूट्रल झाली. मागचे लोक हॉर्न वाजवून राहिले."

टो करून आणली. युनिट उतरवून अॅक्युम्युलेटर खोलला आणि खालच्या बाजूला नख लावून पाहिलं. रंग निघाला. रंगाखाली राखाडी इपॉक्सी, इपॉक्सीखाली तडा. थंड असताना पुट्टी दाब धरते, ऊन आणि ट्रॅफिक लागलं की सुटते. मग स्कॅनरमध्ये कंट्रोलरचा सिरीयल नंबर काढला तर तो स्टिकरशी जुळेना. स्टिकर नवं छापून डकवलेलं होतं. व्हिडिओतली गाडी खरी होती, दाबही खरा होता. खोक्यात फक्त त्या गाडीतलं युनिट नव्हतं. मी गाडी तपासली होती, पार्ट तपासलाच नव्हता.

दोन दिवस तो "दूसरा भेजता हूँ" म्हणत राहिला, मग नंबर बंद. जीएसटीचा नंबर तेव्हा कुठे पोर्टलवर टाकून पाहिला. नंबर चालू होता, पण नाव निघालं कपड्यांच्या दुकानाचं. दोन मिनिटांचं काम, ४० हजार टाकायच्या आधी होऊ शकलं असतं. सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन केला तोही पैसे गेल्यावर अकराव्या दिवशी. हा नंबर लगेच फिरवला तर बँकेत पैसे थांबवता येतात, इतक्या उशिरा खात्यात काय उरणार? ठाण्यात साहेबांनी विचारलं, "माल तर आला ना?" आला होता, हेच तर सगळं कौशल्य. रिकामं खोकं आलं असतं तर सरळ चोरी झाली असती. तक्रार लिहून घेतली, पुढे अजून काही नाही.

आता जुनं युनिट घ्यायचं तर एकच सलग व्हिडिओ मागतो. पार्ट टेबलावर, वायर जोडलेली, स्कॅनरवर सिरीयल आणि स्टिकर एकाच चौकटीत, कॅमेरा मधे कुठे हलवायचा नाही. तिघांनी "टाइम नहीं है" म्हणून फोन ठेवला, ते बरंच झालं. बाकी पैसे बिल्टीवर देत नाही, माल उघडून पाहिल्यावर देतो. नाही पटलं तर राहू दे. सरांचं काम शेवटी मजबूत केलेल्या बॉडीच्या किटने झालं, तेही माझ्या खिशातून. त्यातली खरी जखम ही, की तेच किट मी सरांच्या मूळ युनिटला लावू शकलो असतो, पण ते युनिट मी स्वतःच्या हाताने पॅक करून त्याला पाठवलं होतं.

ऑगस्टमध्ये ग्रुपवर अकोल्याच्या एका मिस्त्रीने फोटो टाकला. "५५ सांगतोय, कसा वाटते पीस?" चकचकीत मेकॅट्रॉनिक, कोरं स्टिकर. उतरवलेल्या प्रत्येक पार्टवर मी पांढऱ्या पेनाने गाडीच्या नंबरचे शेवटचे ४ आकडे लिहितो. कोपऱ्यात रंगाखालून त्यातले २ अजून दिसत होते. मी लगेच त्याला फोन लावला. ॲडव्हान्स त्याने तासाभरापूर्वीच टाकला होता.